नमुन्यापासून प्रतिमेपर्यंत : रानपिंगळा, मेळघाट आणि पक्षिनिरीक्षणातील पुराव्याचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला पुराव्याचा प्रश्न नवा नाही. ताम्रपट, शिलालेख, बखर किंवा मोडी कागद यांपैकी कशावर किती विश्वास ठेवावा, यासंबंधीची शिस्त महाराष्ट्रातील संशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच अंगी बाणवली. निसर्गेतिहासाच्या क्षेत्रातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. अमुक पक्षी अमुक ठिकाणी होता, हे विधान कोणत्या आधारावर मान्य करावयाचे? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर ‘बंदूक’ असे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ‘छायाचित्र’ असे झाले. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दुर्बिणीच्या नेत्रिकेला डिजिटल कॅमेरा लावून छायाचित्र घेण्याचे तंत्र प्रचारात आले आणि दूरवरच्या पक्ष्याचा पुरावा सामान्य निरीक्षकाच्या आवाक्यात आला. पक्षिनिरीक्षक या तंत्रास ‘डिजिस्कोपिंग’ म्हणतात.

प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या संदर्भात घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाचा इतिहास मध्यवर्ती मानला आहे. कारण पुराव्याचे सामर्थ्य आणि पुराव्याची फसवणूक या दोन्ही गोष्टी या एकाच पक्ष्याच्या कथेत एकत्र आढळतात.

बंदुकीचा काळ

इ.स. १८५३ च्या करारान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. त्यानंतर या प्रदेशाची मोजणी, नोंदणी व वर्णन यांचे शासकीय काम सुरू झाले. १८७० मध्ये ए. सी. लायल यांनी सिद्ध केलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर हे त्याचे ठळक फलित होय. याच काळात मुलकी, वन व भूशास्त्र खात्यांतील अनेक अधिकारी फावल्या वेळेत पक्ष्यांचे नमुने गोळा करीत. पक्षी बंदुकीने टिपावा, त्याची कातडी सोलून आत कापूस भरावा, पायाला तारीख, स्थळ व संग्राहकाचे नाव असलेली चिठ्ठी बांधावी आणि तो संग्रहालयात पाठवावा, ही त्या काळाची सर्वमान्य रीत होती. या रीतीला आज आपण क्रूर म्हणू. तथापि नमुना पुन्हा पुन्हा तपासता येतो, हा तिचा गुण नाकारता येत नाही.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर परिसरात एक लहान घुबड टिपले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत अग्रणी ठरलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या वेळी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्रीय नियतकालिक चालवीत असत. त्यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन स्वतंत्र जाती म्हणून प्रसिद्ध केले व तिला ब्लेविट यांचे नाव दिले. त्यानंतर भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातील खरियार भागात एक पक्षी मिळाला, तर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातील शहादा-तळोदा परिसरात १८८० च्या दशकात आणखी काही नमुने मिळवले. जगभरातील संग्रहालयांत मिळून या जातीचे अवघे सात खरे नमुने आहेत. त्यांतील शेवटचा १८८४ चा.

या सात नमुन्यांच्या स्थळांकडे नकाशावर पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. एक टोक पूर्वेला महानदीच्या खोऱ्याकडे आहे आणि दुसरे पश्चिमेला तापीच्या काठावर. मधला सातपुडा, म्हणजेच गाविलगडच्या डोंगररांगा व मेळघाट, कोरा आहे. वऱ्हाडातून या पक्ष्याचा एकही नमुना गेला नाही. म्हणजे बंदुकीच्या पुराव्यावर विसंबणाऱ्या शास्त्राच्या दृष्टीने रानपिंगळा मेळघाटात नव्हताच. नमुन्याचा अभाव हा पक्ष्याचाही अभाव मानण्याची चूक अशा प्रकारे सहज घडते.

एकशे तेरा वर्षांचे मौन

१८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीलायक नोंद झाली नाही. १९७० च्या दशकात एस. डिलन रिप्ले व डॉ. सालिम अली यांनी त्याचा शोध घेतला. परंतु यश आले नाही. दरम्यान छायाचित्र हा पुराव्याचा नवा प्रकार रूढ होत होता. १९६० च्या दशकात नागपूरकडील एका पक्ष्याची छायाचित्रे रानपिंगळ्याची म्हणून पुढे आली. नंतरच्या परीक्षणात तो गावोगावी आढळणारा साधा पिंगळा असल्याचे स्पष्ट झाले. छायाचित्र खोटे नव्हते. त्याचे वाचन चुकले होते.

याहून गंभीर प्रकार एका नमुन्याबाबत घडला. ब्रिटिश सेनाधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. तो ग्राह्य धरल्यास या जातीची शेवटची नोंद तीस वर्षांनी पुढे सरकत होती आणि तिच्या वसतिस्थानात गुजरातची भर पडत होती. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व ब्रिटिश अभ्यासक नायजेल कॉलर यांनी हा नमुना क्ष-किरणांसह अनेक प्रकारे तपासला. तो मुळात डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात टिपलेला पक्षी असून ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. हातात धरता येणारा, वजन करता येणारा पुरावासुद्धा खोटे बोलू शकतो, हे या प्रकरणाने सिद्ध झाले. नमुना खरा होता; चिठ्ठी खोटी होती. पुराव्याचे मूल्य वस्तूत नसून वस्तूला जोडलेल्या माहितीच्या प्रामाणिकपणात असते, हा इतिहाससंशोधनातील जुनाच धडा येथे पक्षिशास्त्राला मिळाला.

खोटी स्थळे वगळून केवळ खऱ्या नमुन्यांच्या आधारे शोध घ्यावा, या विचाराने रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबॉट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आले. पूर्वेकडील जुन्या जागा पाहून ते शहाद्याजवळच्या डोंगराळ भागात पोहोचले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी त्यांना पर्णहीन झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. हा भाग त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता. १९९८ मध्ये तो नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेला. या वेळी बंदूक उचलली गेली नाही. पक्ष्याची छायाचित्रे व चलचित्रे घेण्यात आली आणि जगाने ती पुरावा म्हणून स्वीकारली. १८८४ ते १९९७ या एकशे तेरा वर्षांत पुराव्याची व्याख्याच बदलून गेली होती. भारतापुरते बोलायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असा पक्षी मारून संग्रहालयात ठेवण्याचा मार्ग जवळजवळ बंदच झाला होता. त्यामुळे प्रतिमा हा सोयीचा पर्याय राहिला नाही, तो अपरिहार्य पुरावा ठरला.

दुर्बीण आणि कॅमेरा यांचा संयोग

पक्षी आणि छायाचित्रकार यांच्यातील अंतर हा या कलेतील मूळ प्रश्न होय. १८९१ मध्ये इंग्लंड व जर्मनीत दूरच्या वस्तू टिपणारी भिंगे स्वतंत्रपणे तयार झाली. पुढे ती सुधारत गेली, तरी लांब पल्ल्याचे भिंग महाग, जड आणि सामान्य शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचेच राहिले. मलायात जन्मलेले लोक वान थो यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आश्रय घेतला व सालिम अली यांच्यासमवेत पक्ष्यांची उत्कृष्ट छायाचित्रे घेतली; परंतु ते धनाढ्य उद्योजक होते. त्या पिढीतील बहुतेकांना पक्ष्याच्या घरट्याजवळ लपणगृह बांधून तासन् तास बसावे लागे. यात पक्ष्याला होणारा उपद्रव हा अटळ भाग होता.

योगायोग असा की, पुढचे पाऊलही मलेशियातच पडले. १९९९ च्या आरंभी तेथील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी छोटा डिजिटल कॅमेरा आपल्या एकनेत्री दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावून पाहिला आणि मिळालेल्या प्रतिमेने ते स्वतःच चकित झाले. त्याच वर्षी फ्रेंच पक्षिनिरीक्षक आलँ फोसे यांनी या तंत्रास ‘डिजिस्कोपिंग’ हे नाव दिले. त्या काळी निकॉनचा कूलपिक्स ९५० हा सुमारे २१ लक्ष बिंदूंच्या क्षमतेचा कॅमेरा या कामी विशेष लोकप्रिय झाला. त्याचे भिंग लहान होते, त्याभोवती २८ मिलिमीटरचे आटे होते आणि कॅमेऱ्याचा भिंगाकडील भाग वळवता येत असल्याने पडद्यावरील प्रतिमा सोयीच्या कोनातून पाहता येई.

या तंत्रामागील प्रकाशशास्त्र सोपे आहे. दुर्बिणीच्या नेत्रिकेतून समांतर किरण बाहेर पडतात. मानवी डोळ्याच्या जागी कॅमेऱ्याचे भिंग ठेवले की डोळ्याला दिसणारे दृश्य कॅमेऱ्यातील संवेदकावर उमटते. दुर्बिणीची विशालनक्षमता ३० पट आणि कॅमेऱ्याच्या भिंगाची तुल्य नाभीय लांबी १०० मिलिमीटर असेल, तर संयुक्त लांबी ३,००० मिलिमीटर होते. तेवढ्या लांबीचे स्वतंत्र भिंग कोणत्याही हौशी निरीक्षकास परवडणारे नव्हते. लहान भिंगाचा कॅमेराच येथे का चालतो, याचेही उत्तर यातच आहे. नेत्रिकेतून बाहेर येणारा प्रकाशझोत अत्यंत अरुंद असतो. ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून २० पट विशालन केले, तर त्याचा व्यास ३ मिलिमीटर भरतो. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यात या झोताभोवती काळे वर्तुळ उमटते. छोट्या कॅमेऱ्यात विशालन थोडे वाढवले की ते नाहीसे होते.

प्रत्येक लाभाची किंमत मात्र मोजावी लागते. त्याच दुर्बिणीत विशालन ६० पट केले, तर झोताचा व्यास १ मिलिमीटर उरतो आणि प्रतिमेचा उजेड नऊपट घटतो. झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते व वाऱ्याच्या झुळकीनेही प्रतिमा हलते. म्हणून भक्कम तिपाई, वेळदर्शकाने झडप उघडणे आणि एकाच पक्ष्याच्या अनेक प्रतिमा घेणे या सवयी आवश्यक ठरल्या. छत्तीस चित्रांच्या फिल्मवर असे प्रयोग करणे खर्चिक होते आणि निष्पत्ती फिल्म धुऊन आल्यावरच कळत असे. डिजिटल पडद्यावर चूक तत्क्षणी दिसू लागली व तिची दुरुस्तीही तेथेच होऊ लागली. या तंत्राचा प्रसार झपाट्याने होण्याचे खरे कारण हेच होय.

वऱ्हाडचा भूगोल आणि नवा पुरावा

वऱ्हाडात पक्षिनिरीक्षणाची दोन भिन्न क्षेत्रे आहेत. उत्तरेला सागाचे मेळघाट आणि खाली मैदानातील काळ्या जमिनीवरचे तलाव. अमरावतीजवळचे वडाळी, छत्री व मालखेड तलाव, मोर्शीजवळचे अप्पर वर्धा धरण, अकोल्याकडील कापशी व कुंभारी तलाव आणि काटेपूर्णा जलाशय ही दुसऱ्या क्षेत्राची उदाहरणे होत. हिवाळ्यात येथे थापट्या, तलवार बदक यांसारखी बदके आणि चिखलात चरणाऱ्या तुतारींचे थवे उतरतात. पाणी ओसरत जाते तसा पक्षी व काठ यांमधील चिखलाचा पट्टा रुंदावतो आणि साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून हिरवी तुतारी कोणती व ठिपकेदार तुतारी कोणती, हे ठरवणे कठीण जाते. पायांचा रंग, भुवईची रेघ, पाठीवरील ठिपके हे भेद दुर्बिणीतून घेतलेल्या प्रतिमेत नंतर शांतपणे तपासता येतात. तिपाईवर दुर्बीण उभी करून दूर काठावरच थांबण्याची ही पद्धत तलावांसाठी जणू योजलेलीच आहे.

या प्रदेशात याद्या करण्याची परंपराही याच सुमारास दृढ झाली. अमरावतीचे जयंत वडतकर व राजू कसंबे यांनी पोहरा-मालखेड राखीव वनातील पक्ष्यांची सूची २००२ मध्ये व सुधारित सूची २००७ मध्ये प्रसिद्ध केली. शहराच्या वेशीवरील जंगलाची अशी छापील नोंद पुढील अभ्यासकाला तुलनेसाठी आधाररेषा पुरवते. सूचीतील एखाद्या नावाबद्दल पन्नास वर्षांनी शंका उद्भवली, तर तिचे निरसन करण्यास सोबत प्रतिमा असणे किती उपयुक्त ठरेल, हे सांगणे नलगे.

मेळघाटचे प्रकरण याहून महत्त्वाचे आहे. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. शहाद्याच्या पुनःशोधानंतर फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी १९९८-९९ मध्ये चौदा वनक्षेत्रांची पाहणी केली. त्यांना चार ठिकाणी मिळून पंचवीस रानपिंगळे आढळले व त्यांत मेळघाटचा अंतर्भाव होता. त्यानंतरच्या दशकात मेळघाटातील नोंदी वाढत गेल्या. २००४ व २००५ मध्ये पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकांत त्या प्रसिद्ध झाल्या. पुढील सर्वेक्षणांत शंभराहून अधिक रानपिंगळे एकट्या मेळघाटात नोंदवले गेले. ज्या प्रदेशातून एकही नमुना गेला नव्हता, तो प्रदेश या जातीचा प्रमुख आश्रय ठरला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने रानपिंगळ्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी बदलली. नव्या नोंदी मिळत गेल्या, हे त्याचे मुख्य कारण होय.

येथे प्रतिमेचे महत्त्व विशेष आहे. रानपिंगळा व साधा पिंगळा हे दिसण्यात जवळचे आहेत. रानपिंगळ्याचे डोके व चोच मोठी, माथ्यावरील ठिपके अस्पष्ट, शेपटीवर रुंद काळे-पांढरे पट्टे आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात. हा पक्षी दिवसा वावरतो व सागाची पाने गळाल्यावर उघड्या फांदीवर बसलेला दिसतो. म्हणूनच दुर्बिणीतून घेतलेल्या प्रतिमेस तो अनुकूल आहे. १९६० च्या दशकातील नागपूरकडील चुकीची पुनरावृत्ती टाळायची, तर शेपटीवरील पट्टे मोजता येतील अशी प्रतिमा हवी. शिवाय ऑक्टोबर ते मे हा त्याचा विणीचा काळ असल्याने ढोलीपासून दूर राहणे हे निरीक्षकाचे कर्तव्य ठरते. दूर उभे राहूनही स्पष्ट पाहता येणे, हा दुर्बिणीद्वारे होणाऱ्या छायाचित्रणाचा येथे केवळ तांत्रिक नव्हे, तर नैतिक लाभ आहे.

मर्यादा आणि अनुत्तरित प्रश्न

या पद्धतीच्या मर्यादा वऱ्हाडात विशेष जाणवतात. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरते आणि दुर्बिणीची क्षमता कितीही असली तरी प्रतिमा वितळल्यासारखी दिसते. त्यामुळे सकाळचे पहिले दोन तास हाच कामाचा काळ उरतो. उडता पक्षी या साधनाने टिपणे जवळजवळ अशक्य असते. २०१५ नंतर २,००० व पुढे ३,००० मिलिमीटर तुल्य लांबीचे एकसंध कॅमेरे बाजारात आले आणि नेत्रिकेला कॅमेरा जोडण्याची खटपट अनेकांनी सोडून दिली. दुसरीकडे, भ्रमणध्वनी दुर्बिणीला जोडण्याच्या साध्या चौकटींमुळे तेच तंत्र नव्या रूपात टिकून राहिले.

खरा प्रश्न साधनांचा नाही. डिजिटल संचिकेत दिनांक व वेळ आपोआप नोंदली जाते. ती एका अर्थाने नमुन्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठीच होय. परंतु कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असू शकते, स्थळ चुकीचे लिहिले जाऊ शकते आणि प्रतिमा बदलताही येते. माइनर्ट्झहॅगन यांना कापूस व सुई-दोरा लागला. आज त्यासाठी संगणक पुरेसा आहे. व्याघ्रगणनेतही असाच अनुभव आला. पंजाच्या ठशांवर आधारलेली जुनी पद्धत सारिस्कातील वाघ नाहीसे झाल्याचे उघडकीस आल्यानंतर मागे पडली व २००६ च्या गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांना महत्त्व आले. प्रत्येक वेळी साधन बदलले. साधन वापरणाऱ्याच्या सचोटीची गरज मात्र तेवढीच राहिली.

आणखी एक प्रश्न साक्षीदाराचा आहे. मेळघाटात कोरकू समाज पिढ्यान्पिढ्या राहतो. जंगलातील रहिवाशांचे पक्षिज्ञान मारुती चितमपल्ली यांनी मेळघाटसह विदर्भातील वनांत सेवा करताना आवर्जून टिपले व मराठी वाचकांपर्यंत पोहोचवले. तथापि शास्त्रीय नोंदीत अशा साक्षीला दीर्घकाळ स्थान नव्हते. आधी बंदूक बाळगणाऱ्याची आणि नंतर महागडे भिंग बाळगणाऱ्याची साक्ष ग्राह्य मानली गेली. मेळघाटातील रानपिंगळ्यावरील २००५ च्या लेखाच्या सहलेखकांत कोरकू आडनावे आढळतात, ही बाब म्हणूनच दखलपात्र आहे. स्वस्त होत गेलेल्या प्रतिमेने पाहणारा आणि नोंदणारा यांतील दरी थोडी तरी कमी केली, असे म्हणता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, पक्ष्याच्या अस्तित्वाचा पुरावा दीडशे वर्षांत मृत देहाकडून प्रतिमेकडे सरकला. या प्रवासात वऱ्हाडचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. कारण मेळघाटातील रानपिंगळ्याचे संपूर्ण ज्ञात चरित्र एकही गोळी न झाडता लिहिले गेले. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत जुने भरलेले पक्षी अजून कपाटांत उभे आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत. चिठ्ठी नसलेला नमुना ही केवळ शोभेची वस्तू होय. विद्यार्थ्यांनी घेतलेल्या हजारो प्रतिमांचीही हीच गत होऊ नये, यासाठी प्रत्येक प्रतिमेसोबत दिनांक, स्थळ, अंतर व निरीक्षकाचे नाव नोंदवून ती विभागाच्या संग्रहात जतन करण्याची शिस्त महाविद्यालयांनी लावावयास हवी. त्यास मोठा निधी लागत नाही. एक नोंदवही व ती नियमित भरणारा शिक्षक पुरेसा आहे. एका खोट्या चिठ्ठीने गुजरातेत कधीच न टिपलेला नमुना तेथला म्हणून उभा केला आणि एकही चिठ्ठी नसल्यामुळे मेळघाटात असलेला पक्षी शंभर वर्षे अदृश्य राहिला. या दोन्ही चुका टाळणे हे यापुढील निरीक्षकांचे काम आहे.